उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांनी लोककला, लोकसाहित्य शिकायचं तर कुठे? (पुणे आणि आसपास)

पाटीवरची अक्षरं | ३० मार्च, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचा मनात होतं, आज बसलेच.

मी पर्वतीच्या पायथ्याशी महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवते. पंधरा वर्षं झाली. जानेवारीत वर्गात लोककलाकारांचा तक्ता लावला होता: वासुदेव, गोंधळी, पोतराज, वाघ्या-मुरळी. गोंधळ्याच्या चित्रावर पट्टी ठेवून मी सांगितलं, "हे संबळ, म्हणजे एक प्रकारचा ढोल." तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा एरवी सारखा बोलत असतो. त्यानं त्या दिवशी दप्तरावर डोकं ठेवलं आणि तास संपेपर्यंत वर काढलं नाही.

मधल्या सुट्टीत तो टेबलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, संबळ ढोल नसतो. दोन असतात. कमरेला बांधतात. एकाचा आवाज जाड, एकाचा बारीक. काड्या पण दोन, एकीचं टोक गोल वळलेलं असतं."

"तुला रे कसं माहीत?"

"आमच्या घरात आहे. बाबा वाजवतात." आणि मग अगदी हळू, "वर्गात नका सांगू."

ते शेवटचं वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. ज्याला खरं माहीत होतं त्याच्यासमोर मी चुकीचं शिकवलं, आणि लाज मात्र त्याला वाटत होती.

मी प्रशिक्षणं भरपूर केली आहेत. 'कलेतून शिक्षण' हा विषय त्यात येतोही, जेवणाच्या सुट्टीआधी तासभर. दोन त्रिकोण जोडून वारली माणूस कसा काढायचा ते दाखवतात, झेरॉक्स वाटतात, आपण रंगवतो, हजेरीवर सही करतो. वारली लग्नात भिंतीवर जो चौक लिहितात त्याला काय अर्थ असतो, तो कोण लिहितं, तांदळाचं पीठच का, हे विचारायला वेळच नसतो.

या उन्हाळ्यात मला नीट शिकायचंय. हातात तीन आठवडे आहेत (बाकीचे मतदारयादीच्या कामात जातील असं दिसतंय) आणि सहा-सात हजार रुपये. आतापर्यंत इतकंच हाताशी लागलंय: दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राचे, म्हणजे सीसीआरटीचे, शिक्षकांसाठीचे वर्ग, बाजीराव रोडचं केळकर संग्रहालय, क्वीन्स गार्डनमधल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय, आणि जात्यावरच्या ओव्यांचा तो मोठा संग्रह. यांपैकी कुणी काही केलंय का? आणि मुख्य म्हणजे, जे शिकलात त्यातलं वर्गापर्यंत काय पोचलं?

---

मुळशीकर मास्तर | ३० मार्च, रात्री १०.१५

ताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. त्या मुलाचं वाचून गलबललो.

सीसीआरटीबद्दल सांगतो, मी स्वतः जाऊन आलोय. ही केंद्र सरकारची संस्था, १९७९ पासून आहे. मुख्य ठिकाण दिल्लीत द्वारका, आणि उदयपूर, हैदराबाद, गुवाहाटी इथे प्रादेशिक केंद्रं. शिक्षकांसाठी दोन प्रकार असतात. एक सर्वसाधारण उद्बोधन वर्ग आणि दुसऱ्या विषयवार कार्यशाळा, उदाहरणार्थ शिक्षणात बाहुलीनाट्य, शाळेत हस्तकला. राहण्या-जेवणाची सोय केंद्रातच होते.

मी उदयपूरला बाहुल्यांच्या कार्यशाळेला होतो. मातीच्या गोळ्यावर कागदाचे कपटे खळीने थरावर थर चिकटवायचे, वाळल्यावर पात्यानं अर्धं कापून आतली माती काढायची, परत जोडायचं. माझ्या पहिल्या बाहुलीचं नाक निखळलं, कारण मला वाळेपर्यंत धीर नव्हता. शेजारी मणिपूरच्या एक बाई होत्या. त्यांनी काही न बोलता माझी बाहुली उचलून खिडकीत उन्हाला ठेवली. भाषा नव्हतीच आमच्यात, खुणांवर चाललं सगळं. संध्याकाळी देवीलाल सामर यांनी १९५२ साली काढलेल्या भारतीय लोककला मंडळात कठपुतळी बघायला जायचो. त्या कलाकाराच्या बोटांकडे बघत बसलो की दिवसभर काय चुकलं ते कळायचं.

वर्गात काय आलं? पहिल्या वर्षी काहीच नाही, खरं सांगतो. बाहुल्या कपाटात. दुसऱ्या वर्षी एक मुलगी होती, नाव हाक मारलं तरी उत्तर द्यायची नाही. तिच्या हातात बाहुली दिली तर बाहुलीच्या आवाजात पाढे म्हणाली. तेव्हापासून कपाटाला कुलूप नाही.

जायचं कसं: नावं राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेमार्फत जातात. ते कार्यालय आपल्या कुमठेकर रस्त्यावरच आहे. पत्र शाळेपर्यंत येईस्तोवर मुदत संपलेली असते, म्हणून वेळापत्रक आपणच संकेतस्थळावर बघायचं आणि मुख्याध्यापकांना आधी अर्ज देऊन ठेवायचा. सुट्टीच्या बदल्यात अर्जित रजा धरतात का, तेही आदेश नीट वाचून बघा.

---

डीएड दुसरं वर्ष | ३१ मार्च, सकाळी ७.०५

वाचतेय. आम्हा विद्यार्थ्यांना सीसीआरटीला जाता येतं का?

मुळशीकर मास्तर | ३१ मार्च, सकाळी ७.३०

नेहमीचे वर्ग नोकरीतल्या शिक्षकांचे. पण तुम्ही कशाला थांबता? तुमच्याकडे वेळ आहे, जो आम्हाला पुन्हा मिळणार नाही. खाली लोक पुण्यातलं सांगतीलच.

---

जुनी वही | ३१ मार्च, दुपारी १२.५०

मी निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली. ओव्यांबद्दल थोडं लिहिते.

गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी पुण्यात राहून १९८० च्या दशकात हे काम उभं केलं. मुळशीच्या डोंगरातल्या बायकांपासून सुरुवात झाली आणि पुढे महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या गेल्या. आता त्या 'परी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर मराठी शब्दांसकट आहेत, पुष्कळशा आवाजासकट. पैसे लागत नाहीत. सुट्टीत रोज अर्धा तास ऐकल्या तरी कान तयार होईल.

पण नुसतं ऐकून भागत नाही, ही माझी स्वतःची गोष्ट. माझ्या सासूबाईंच्या थोरल्या बहीण पौडकडच्या. मी कॅसेट रेकॉर्डर घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "मावशी, ओवी म्हणा." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. एकही आठवेना. मला वाटलं, वयामुळे विसरल्या. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचं जातं खाली काढलं, मूठभर ज्वारी घातली आणि त्यांना खुंट्याशी बसवलं. दोन फेरे कोरडे गेले. तिसऱ्याला गळा सुरू झाला आणि मग दुपार झाली तरी थांबेना. हात थांबला की ओवी थांबायची. ती ओवी त्यांच्या दंडात होती म्हणा ना!

म्हणून शिक्षकांना सांगते, "आजीकडून पाच ओव्या लिहून आणा" असा गृहपाठ देऊ नका. मूल कोरी वही आणेल आणि तुम्हाला वाटेल, आजीला काही येत नाही. दळताना, पाळणा हलवताना, पेरताना, जे काम असेल त्या कामाशी जाऊन बसायला सांगा.

---

कसब्यातली | ३१ मार्च, रात्री ८.२०

मी चित्रकला शिकवते आणि कसब्यात राहते, म्हणून माझ्या गल्लीपुरतं.

तांबट आळीत जा. कोकणातून पेशवाईत आलेली ही घराणी, अजून काही जण हातानं काम करतात. तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं जे ओळीनं ठोके देतात त्याला मठारकाम म्हणतात. त्यानं पत्रा कठीण होतो आणि चमक येते, नुसती नक्षी नाही ती. मी दोन वर्षांपूर्वी एका काकांच्या दुकानाच्या पायरीवर रोज सकाळी तासभर बसायची परवानगी मागितली. पहिले तीन दिवस ते एक शब्द बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "डोळे मिटा आणि सांगा मी कुठं ठोकतोय, काठाला का बुडाला." चुकले. आठवडाभरानं बरोबर यायला लागलं. काठाचा आवाज मोकळा असतो, बुडाचा बसका. पुढे हेच मी मुलांना स्टीलच्या डब्यांवर करायला लावलं, आणि ध्वनीचा धडा त्यातून आपोआप झाला.

फक्त एक. घोळका घेऊन, मोबाईल काढून, "जरा ठोकून दाखवा" असं करू नका. ते कारखाने आहेत, लोकांचं पोट आहे तिथे. कुंभारवाड्यातही तसंच, शिवाय उन्हाळ्यात माठांची गडबड असते.

केळकर संग्रहालयाचं मात्र वेगळं सांगते. दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीसाठी हे जमवलं. स्वतः कवी होते, 'अज्ञातवासी' या नावानं लिहीत. वीस हजारांहून अधिक वस्तू, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. १९७५ साली त्यांनी सगळं राज्य शासनाला देऊन टाकलं. आपण जातो ते सगळ्या दालनांतून तासाभरात फिरून येतो, आणि पाय दुखण्याखेरीज काही हाती लागत नाही. मी एका भेटीत एकच वस्तू घेते. एकदा पितळी वज्री घेतली, टाच घासायची. वर मोर-हत्ती, आत घुंगरू. तिच्यासमोर वही घेऊन बसले: ही कुणाच्या हातात असेल? घुंगरू का घातला असेल? न्हाणीघरात कोण ऐकणार? तासाभरानं माझ्या वहीत सत्तावीस प्रश्न होते. तेच सत्तावीस प्रश्न पुढे मुलांना दिले, वस्तू त्यांच्या घरची.

---

सरळ प्रश्न | १ एप्रिल, सकाळी ११.१०

धागा चांगला आहे पण एक गोष्ट बोलतो, राग मानू नका.

लोककला म्हटलं की आपण सगळे हळवे होतो. पोतराज अंगावर कोरडे ओढून घेतो, ते पोटासाठी. मुरळी म्हणून मुली देवाला सोडल्या जात, ते बंद करायला किती जणांनी आयुष्य घातलं आणि कायदे करावे लागले. बऱ्याचशा कला म्हणजे जातीनं ठरवून दिलेलं भिक्षा मागणं आहे. त्या मुलाला लाज वाटली ती उगीच नाही. त्याच्या घरच्यांना दारोदार जावं लागलं म्हणून वाटली. आता आपण सुट्टीत दहा दिवस शिकून येणार आणि वर्गात त्याला "तुझी समृद्ध परंपरा" म्हणून पुढे उभं करणार? मी स्वतः अशा घरातून आलोय. माझ्या शिक्षकांनी मला वर्गात गायला लावलं होतं. कौतुकानंच लावलं. मी त्यानंतर आठवडाभर शाळेत गेलो नाही.

---

पाटीवरची अक्षरं | १ एप्रिल, रात्री १०.०५

सरळ प्रश्न, राग कसला. तुम्ही लिहिलंत हे मोठे उपकार आहेत.

मी त्याला पुढे उभं केलेलं नाही आणि करणारही नाही. "नका सांगू" म्हणाला, मी नाही सांगितलं. इथेही त्याची ओळख कळेल असं काही लिहिणार नाही. पण मग मी काय करायचं, हे मला खरंच कळत नाहीये. तक्ता काढून टाकू? की चुकीचं शिकवत राहू? मला वाटतं निदान मला तरी बरोबर माहीत पाहिजे. ते ओझं त्याच्या डोक्यावर नको.

जुनी वही | २ एप्रिल, सकाळी ६.४५

सरळ प्रश्न यांचं म्हणणं पटतं. त्यात एवढंच घालते, की लोकसाहित्य सगळं देवादिकांचं आणि मान खाली घालणारं नसतं. त्याच ओव्यांच्या संग्रहात बाबासाहेबांवरच्या कितीतरी ओव्या आहेत, दलित बायकांनी जात्यावर रचलेल्या. सासरी सोसलेलं आहे, दारुड्या नवऱ्याचं आहे, मुलीला शाळेत घालायचंय हेही आहे. ज्या बाईला चारचौघांत तोंड उघडता येत नव्हतं ती पहाटे दगडाशी सगळं बोलून घेत होती. हे मुलांना दाखवायलाच हवं. कुठलं दाखवायचं आणि कसं, हे मात्र शिकायला लागतं, आणि ते शिकण्यासाठीच तर उन्हाळा.

सरळ प्रश्न | २ एप्रिल, सकाळी ९.३०

हे मान्य. माझा आक्षेप दाखवण्याला नाही, मुलाच्या संमतीशिवाय दाखवण्याला आहे.

---

सिंधुदुर्गी | ३ एप्रिल, दुपारी ४.००

पुण्याबाहेर जायची तयारी असेल तर कुडाळजवळ पिंगुळीला जा. ठाकर समाजाच्या तीन कला एका गावात: चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. गोठ्याचं रूप बदलून त्यांनी तिथे कला आंगण उभं केलंय.

चित्रकथीची पोथी बांधलेली नसते, सुटी चित्रं असतात, पाठीला पाठ लावून चिकटवलेली. निवेदक एक चित्र धरतो, कथा सांगतो, उलटतो, पुढचं. साथीला वीणा, टाळ आणि हुडुक. मी इतिहास शिकवतो. तिथून आल्यावर आमच्या आठवीच्या मुलांनी आमच्या गावच्या धरणाची गोष्ट अशा सुट्या पानांवर केली, कोणाची शेती गेली, कोण कुठे गेलं. एकानं कथा म्हणायची, एकानं पानं उलटायची, दोघांनी डबा वाजवायचा. एका मुलानं मधलंच एक पान आधी उलटलं, तर सांगणाऱ्यानं तिथल्या तिथे गोष्ट वळवून घेतली. ते मी कुठल्याही पाठटाचणात लिहू शकलो नसतो.

मुंबई-गोवा रेल्वेनं कुडाळ स्टेशन, तिथून रिक्षा. मे महिन्यात आरक्षण मिळत नाही, आत्ताच बघा. आणि हो, जाण्याआधी केळकर संग्रहालयातली जुनी चित्रकथीची चित्रं बघून जा.

---

हडपसरचा मास्तर | ३ एप्रिल, रात्री ९.१५

सगळे संस्था सांगतायत, मी हंगाम सांगतो. आपली सुट्टी आणि गावच्या जत्रा एकाच वेळी येतात, हे आपण विसरलोय. चैत्र-वैशाखात पुणे जिल्ह्यात रोज कुठल्या ना कुठल्या गावची जत्रा असते. पालखी, छबिना, भारूड, तमाशा, दुसऱ्या दिवशी कुस्त्या. याहून मोठं प्रशिक्षण कुठलं?

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी येऊन तिथं सुपारी ठरवतात. कुठला फड कुठल्या गावाला, किती रुपयांना, वगाचं नाव काय, सगळं एका पथारीवर बसून ठरतं. मी गणिताचा मास्तर, मला तो व्यवहार बघूनच समाधान झालं. तमाशाचा क्रम बघा: गण, गौळण, बतावणी, वग. आधी गणपतीला नमन, मग विनोद, मग मूळ विषय! आमच्या स्नेहसंमेलनाची रचना मी त्यावरून बदलली.

तिकडे जव्हार-मोखाड्याला याच दिवसांत बोहाडा असतो. कागदाच्या लगद्याचे रंगवलेले मुखवटे, रात्रभर सोंगं. तिथं गेल्यावर पाहुणा म्हणून एका बाजूला बसायचं. त्याआधी क्वीन्स गार्डनच्या संग्रहालयात तेच मुखवटे जवळून बघून घ्या, म्हणजे रात्री दिव्याच्या उजेडात काय बघतोय ते कळेल.

डीएड दुसरं वर्ष | ३ एप्रिल, रात्री ९.५०

सर, आमच्या गावची जत्रा अक्षय्य तृतीयेच्या पुढेमागे असते. दरवर्षी मी क्लास बुडतो म्हणून जात नाही. यंदा जाते.

---

दूरदेशी | ४ एप्रिल, सकाळी ५.३०

मी मूळची सदाशिव पेठेतली, सध्या मेरीलँडमध्ये शाळेत शिकवते. इकडचं थोडं सांगते.

वॉशिंग्टनला १९६७ पासून दर उन्हाळ्यात स्मिथसोनियनचा लोकजीवन महोत्सव भरतो, उघड्या मैदानावर, विनातिकीट. कारागीर तिथे बसून काम करतात आणि लोक प्रश्न विचारतात. त्याच संस्थेचा फोकवेज हा ध्वनिसंग्रह आहे, आणि संगीतावरचे पाठ शिक्षकांसाठी मोफत ठेवलेले आहेत, ते पुण्यात बसूनही बघता येतील. इथल्या सरकारच्या मानव्यविद्या निधीतून शिक्षकांना उन्हाळ्यात काही आठवड्यांच्या अभ्यासवर्गासाठी मानधन मिळत आलंय. २०२५ साली त्या निधीची पुष्कळ अनुदानं रद्द झाली, तेव्हा इकडच्या शिक्षकांनीही फार सोसलं.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते एका वर्गातलं पहिल्या दिवसाचं काम. कुठलीही 'लोककला' शिकवण्याआधी प्रत्येक शिक्षकानं स्वतःची यादी करायची: माझ्या घरात कुणी न लिहिता कुणाला काय शिकवलं? मी लिहायला बसले आणि थक्क झाले. आईचा रांगोळीचा ठिपक्यांचा हिशोब, बाबांचा पतंगाचा मांजा, आजीच्या सोमवारच्या कहाण्या, पापड लाटताना म्हणायची कोडी, वाड्यातले लगोरीचे नियम जे शेजारच्या वाड्यात वेगळे होते. तोवर मला वाटायचं लोकसाहित्य म्हणजे गावाकडच्या दुसऱ्या कुणाचं तरी. ही यादी आधी आपण वर्गात वाचून दाखवली की कुठल्याच मुलाला एकटं पुढे उभं राहावं लागत नाही. सरळ प्रश्न यांच्या मुद्द्याला हे थोडंसं उत्तर होऊ शकेल असं वाटलं, म्हणून लिहिलं.

सरळ प्रश्न | ४ एप्रिल, सकाळी ८.१०

हे आवडलं. मास्तरांनी आधी स्वतःच्या घरातलं सांगावं. माझ्या शिक्षकांनी तसं केलं असतं तर मी कदाचित आपणहून गायलो असतो.

---

डोंगरवाट | ५ एप्रिल, रात्री ११.००

ज्यांना लोकांकडून काही लिहून किंवा रेकॉर्ड करून आणायचंय त्यांच्यासाठी, दहा वर्षं हे काम केल्यावर.

आधी विचारा, मग फोन काढा. सांगणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि "हे तुम्ही कुणाकडून शिकलात" एवढं तरी त्याच दिवशी लिहा, घरी येऊन लिहू म्हटलं की राहतं. शब्द जसा आला तसा ठेवा. 'पानी' म्हणाल्या तर 'पाणी' करू नका. म्हणणारी चुकली असं वाटलं तरी दुरुस्त करू नका, बहुतेक वेळा आपल्यालाच अर्थ लागलेला नसतो. बाईनं गायलेलं तिला न विचारता यूट्यूबवर टाकायचं नाही. एका घरात त्यावरून सुनेला बोलणी खावी लागली, ते मी पाहिलंय.

आणि पैसे. कलाकाराला शाळेत बोलावलं तर नारळ-शाल पुरत नाही. त्याचा त्या दिवसाचा धंदा बुडतो. आमच्या शाळेत आम्ही आठ शिक्षकांनी दोनशे-दोनशे काढले आणि पाकिटात घालून आधी दिले, कार्यक्रम झाल्यावर नाही.

मुळशीकर मास्तर | ६ एप्रिल, सकाळी ७.१५

पैसे आधी देण्याचं पटलं. यंदापासून तसंच.

---

पाटीवरची अक्षरं | २९ मे, संध्याकाळी ६.३०

धागा वर काढते. काय झालं ते सांगायचं होतं.

सीसीआरटीची मुदत गेली होती, पुढच्या वर्षीसाठी अर्ज देऊन ठेवलाय. पिंगुळीचं आरक्षण मिळालं नाही. केळकर संग्रहालयात चार वेळा गेले, चार वस्तू केल्या. तांबट आळीत सहा सकाळ बसले, अजून मला काठ आणि बूड ओळखता येत नाही. रात्री ओव्या ऐकते.

आणि त्या मुलाच्या घरी गेले. आधी त्यालाच विचारलं, "येऊ का रे? शिकायला." खूप वेळ विचार करून म्हणाला, "या. पण शाळेच्या बाई म्हणून नका येऊ." मग त्याच्या आईला फोन केला. लगीनसराई असल्यामुळे त्याच्या बाबांना रोज सुपारी, एक बुधवार तेवढा मोकळा होता. घरात पाय ठेवल्यावर मी आधी माझी यादी वाचून दाखवली, दूरदेशींनी सांगितली तशी. माझे आजोबा वारीला जायचे आणि घरात पखवाज होता, पुढे तो कुणी वाजवला नाही, हेही त्यात होतं. तिथून गप्पा सुरू झाल्या.

त्यांनी संबळ काढून दाखवलं. पितळी भांडी, दोन्ही एकमेकांना बांधलेली, कमरेचा पट्टा घामानं काळा पडलेला. चौक कसा मांडतात, दिवटीला तेल किती लागतं, रात्रभर उभं राहून पाय कसे सुजतात, सगळं सांगितलं. रेणुराई आणि कदमराई अशी गोंधळ्यांची दोन घराणी असतात हे मला माहीतच नव्हतं. मग काड्या माझ्या हातात दिल्या. मी वळलेल्या टोकाची काडी उलटी धरली. कोपऱ्यात बसलेला मुलगा उठला, माझी बोटं धरून काडी फिरवली, परत जाऊन बसला. काही बोलला नाही.

निघताना पाकीट पुढे केलं तर त्याचे बाबा म्हणाले, "बाई, तुम्ही घरी आलात." मी म्हटलं, "तुमचा एक मोकळा दिवस गेला." मग घेतलं.

जुनी वही | २९ मे, रात्री ८.००

वाचताना डोळे भरून आले. असंच चालू ठेवा.

हडपसरचा मास्तर | २९ मे, रात्री ८.४०

चार वस्तूंचे प्रश्न इथे टाका की ताई. आम्हालाही वापरता येतील.

डीएड दुसरं वर्ष | ३० मे, सकाळी १०.२०

जत्रेला गेले होते. भारूड म्हणणारे बाबा माझ्या चुलत आजोबांचे मित्र निघाले. बारा भारुडं लिहून घेतलीत, डोंगरवाट यांनी सांगितलं तसं नाव-गाव-तारखेसह. "कुणाकडून शिकलात" विचारलं तर म्हणाले, "शेजारच्या विहिरीवर मोट हाकणाऱ्याकडून." ते मोटेवरच शिकले होते सगळं!

---

पाटीवरची अक्षरं | १७ जून, रात्री ९.००

शाळा सुरू झाली. तो मुलगा आता पाचवीत, वरच्या मजल्यावर. नव्या चौथीत तोच तक्ता लावला आणि आज गोंधळ्यावर आले. दोन भांडी, कमरेला पट्टा, एक काडी वळलेली, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. बाकावर दोन पेन्सिलींनी मुलांनी ठेका धरला. मधल्या सुट्टीची घंटा झाली होती, माझ्या लक्षातच आलं नाही. खिडकीशी तो उभा होता. फळ्याकडे बघत होता. मी काही म्हटलं नाही, त्यानंही नाही.

आता जुनी वही ताई, तुमच्याकडे एक विनंती. आमच्या वर्गात तीन मुलांच्या आज्या ओव्या म्हणतात असं कळलंय, तिघी वस्तीतच राहतात. पण जातं कुणाकडेच उरलेलं नाही. तुम्ही लिहिलं होतंत ते माळ्यावरचं जातं अजून आहे का? महिनाभरासाठी मिळेल?

जुनी वही | १७ जून, रात्री ९.३५

आहे. महिनाभर कशाला, राहू द्या शाळेतच. टाकी लावून घ्यावी लागेल, बरीच वर्षं फिरलेलं नाही. आणि खुंटा सैल झालाय, बाभळीची पाचर ठोकून घ्या, दुसरं लाकूड टिकत नाही. उचलायला दोन माणसं आणा, तळी फार जड आहे.

मुळशीकर मास्तर | १७ जून, रात्री ९.५०

एक माणूस मी. शनिवारी सकाळची शाळा सुटली की येतो. टाकी लावणारे पौडला आहेत माझ्या ओळखीचे, वाटेत तिकडूनच जाऊ.

सरळ प्रश्न | १७ जून, रात्री १०.१०

दुसरा मी. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.